सोंगाड्या

सोंगाड्या : तमाशातील विनोदी पात्र व ते वठविणारा नट. संस्कृत नाटकातील विदूषकाशी त्याची तुलना नेहमी केली जाते. पण ती फारशी उपकारक नाही. विदूषक हा राजाचा मित्र आणि त्याची वाक्ये नाटककाराने लिहिलेली. सोंगाड्या बहुधा राजाचा नोकर, तरीही राजाला अडचणीत टाकणारे प्रश्न तोच विचारतो आणि त्याचे बोलणे पुष्कळदा उभ्याउभ्या रचलेले असते. गौळणीत तो पेंद्या होतो, वगात शिपाई, हुजऱ्या किंवा गावातला भोळसर इसम. गौळणीतील मावशीचे सोंगही पुरुषच घेतो. बतावणी मात्र सर्वस्वी त्याची. ज्या गावात खेळ असेल त्या गावची जत्रा, तिथला पाटील, त्या वर्षीचा पाऊस हे सारे तो तीत ओवतो.

ही कला शिकविणारी शाळा म्हणजे फडच. ढोलकी फडाचे तमाशे पुष्कळदा एकेका कुटुंबाभोवती उभे राहिले आणि त्यांत जन्मलेली मुले राहुटीच्या आडोशाने रोज रात्री तोच वग पाहत वाढली. हशा पिकल्यावर किती थांबावे, ढोलकीची थाप कुठे घ्यावी, प्रेक्षक कंटाळला की वग कुठे आटोपता घ्यावा, हे ज्ञान पाठांतराने येत नाही. दादू इंदुरीकर ह्यांनी गाढवाचं लग्न ह्या वगात सावळ्या कुंभार रंगविला, त्याचे मोल ह्या तालमीत होते. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर हे ह्या दृष्टीने महत्त्वाचे गाव. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) येथलेच. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तमाशाकडे पाहण्याची शिष्ट समाजाची दृष्टी तीत चांगली दिसते. विसाव्या शतकात तुकाराम खेडकर व कांताबाई सातारकर ह्यांच्यामुळे संगमनेरचे नाव तमाशाशी पुन्हा जोडले गेले. तुकाराम १९६४ मध्ये निवर्तले. पुढे कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला आणि त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर त्या फडाचे सोंगाड्या म्हणून नावारूपाला आले. आई वगाची नायिका, मुलगा तिच्यासमोर उभा राहणारा सोंगाड्या, असे दृश्य इतरत्र विरळाच.

सोंगाड्याची विनोदाची रीत चित्रपटात आणि पुढे दूरचित्रवाणीवर गेली. परंतु ती नेणारे बहुतेक फडाबाहेरचे होते. वसंत सबनीस ह्यांच्या विच्छा माझी पुरी करा (१९६५) ह्या लोकनाट्याने गाजलेले दादा कोंडके, तसेच निळू फुले व राम नगरकर, हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले. कोंडके ह्यांच्या १९७१ च्या चित्रपटाचे नावच सोंगाड्या. त्यांच्याकडे हजरजबाबीपणा होता आणि त्यांनी ह्या कलेला शहरी प्रेक्षक मिळवून दिला, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्यांच्याकडून ही रीत आली, ती फडातील माणसे कनातीतच राहिली. ह्यात जातीचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. केवळ गुणवत्तेचा नाही.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे खाजगी वाहिन्यांवर चला हवा येऊ द्या (२०१४) व महाराष्ट्राची हास्यजत्रा (२०१८) असे कार्यक्रम लोकप्रिय झाले. पहिल्यात भाऊ कदम, सागर कारंडे ह्यांनी घेतलेले स्त्रीवेष पाहताना मावशीची आठवण होते. नट कसबी आहेत, पण माध्यमाने विनोदाचे लक्ष्य बदलले. बतावणीत पाटील, कोतवाल, सावकार सापडतात. येथे बव्हंशी गाजलेल्या चित्रपटांची विडंबने असतात आणि प्रसिद्धीसाठी आलेले पाहुणे समोरच बसलेले असतात. पाहुण्याची थट्टा होते, ती त्याला आवडेल इतकीच. हास्यजत्रेत परीक्षकांचे हसणे हाही प्रयोगाचाच भाग ठरतो. फडात दाद कनातीतून येते. ती आली नाही तर सोंगाड्याला पुढचे वाक्य तिथल्या तिथे बदलावे लागते. संकलनाच्या मेजावर ही जोखीम उरत नाही आणि तिच्याबरोबर सोंगाड्याची निम्मी कला जाते.

फडांचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो व चैत्र-वैशाखाच्या जत्रांत त्याला भर येतो. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे राहुट्या टाकून फडमालक गावकऱ्यांकडून सुपाऱ्या घेतात. करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ चे जत्रांचे हंगाम बुडाले. २५ मे २०२१ रोजी कांताबाई सातारकर संगमनेर येथे निधन पावल्या. रघुवीर खेडकर ह्यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.