लफवुड : शांततेच्या आधीचं

डेव्हन परगण्यातल्या डालवुड गावाजवळ लफवुडचं जुनं बॅप्टिस्ट प्रार्थनाघर आहे. पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, उंच व्यासपीठ, जमिनीखाली बाप्तिस्म्याचा हौद. बघणारा हमखास म्हणतो, "किती शांत!" ही दाद खरी आहे, पण अपुरी.

सतराव्या शतकाच्या मध्यात किल्मिंग्टनच्या बॅप्टिस्टांनी ही जागा निवडली, ती दाट झाडीत लपता यावं म्हणून. पुढे १६६४च्या कायद्याने सरकारमान्य चर्चची रीत सोडून उपासना करायला घरच्यांखेरीज पाचाहून जास्त माणसं जमणं गुन्हा ठरला. मोकळीक मिळाली ती १६८९ मध्ये.

आपण डोळे भरून पाहतो ती आतली मांडणी मात्र अठराव्या शतकातली, म्हणजे धास्ती सरल्यानंतरची. जीव मुठीत धरून जमणाऱ्यांची खरी खूण म्हणजे गावाबाहेरचा हा डोंगरउतार. १९६९ पासून नॅशनल ट्रस्टने वास्तू निगुतीने जपली आहे. पण जपलेली बाकं बघून परतणाऱ्याला ती इतक्या आडबाजूला का, हा प्रश्न पडला नाही, तर त्याने लफवुड निम्मंच पाहिलं. इथली शांतता निसर्गाने दिलेली नाही. ती आधी सक्तीची होती, मग कमावलेली.