ट्रॉयचे युद्ध मुलांना कसे सांगावे?

मुलांसाठी ग्रीक युद्धकथा नव्याने सांगू पाहणारा लेखक एका प्रश्नापाशी हमखास अडतो. या कथांत रक्तपात आहे, कपट आहे, सूड आहे. ते गाळावे तर कथा खोटी होते. जसेच्या तसे ठेवावे तर कोवळ्या मनाला झेपेल काय, ही धास्ती वाटते. चौथ्या शतकात सीझरियाचे बिशप संत बाझील यांनी तरुणांना ग्रीक वाङ्मय कसे वाचावे हे सांगताना मधमाशीचा दृष्टांत दिला. ती प्रत्येक फुलावर बसत नाही आणि जेथे बसते तेथलेही सर्व काही उचलून नेत नाही. कामापुरते घेते, बाकीचे सोडून देते. दृष्टांत सुंदर आहे. परंतु युद्धकथेतला मध कोणता, हे सांगणाऱ्यालाच ठरवावे लागते आणि तेथेच त्याची कसोटी लागते.

फेनेलाँ या फ्रेंच धर्मगुरूंनी उपदेशाचा मध निवडला. 1689 साली चौदाव्या लुई राजाचा सात वर्षांचा नातू त्यांच्याकडे शिक्षणासाठी सोपवण्यात आला. त्याच्यासाठी त्यांनी युलिसीसचा पुत्र टेलेमॅकस याच्या प्रवासाची कथा रचली. पुढे ते कांब्रेचे आर्चबिशप झाले आणि 1699 मध्ये त्यांच्या संमतीवाचून ते पुस्तक छापले गेले. मेंटॉरच्या वेषातील मिनर्व्हा देवी राजपुत्राला चैन आणि युद्धलालसा यांपासून पदोपदी सावध करते. वाचकांना त्यात प्रत्यक्ष राजावरची टीका दिसली आणि लेखकावर आधीच खप्पा झालेली राजाची मर्जी कायमची गेली. त्यांचे धैर्य वंदनीय आहे. मात्र आज वाचताना मेंटॉरचा उपदेश कथेपेक्षा भारी होतो, हेही मान्य करावे लागते.

चार्ल्स लॅम्बने 1808 मध्ये युलिसीसची कथा मुलांसाठी लिहिली, तेव्हा प्रकाशक विल्यम गॉडविन यांनी काही भयंकर वर्णनांवर आक्षेप घेतला. नरभक्षक राक्षसाच्या ओकारीचे वर्णन किळसवाणे असल्याचे लॅम्बने कबूल केले आणि ते बदलले; बाकीच्या वर्णनांना मात्र त्याने हात लावू दिला नाही. किळस आणि भय यांतला हा विवेक लक्षात ठेवण्याजोगा आहे. किळस कथेबाहेर ठेवता येते. भय काढले तर कथाच उरत नाही.

आता मूळ 'इलियड'कडे वळू. सहाव्या सर्गात हेक्टर रणांगणावरून घटकाभर नगरात येतो. त्याच्या शिरस्त्राणावरचा हलता तुरा पाहून तान्हे बाळ घाबरते आणि दाईच्या कुशीत तोंड लपवते. आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मुलाला कुशीत घेतो. हा प्रसंग कोणत्याही मुलाला कळेल. पण लगेच येणारी प्रार्थना गाळण्याचा मोह पुष्कळांना होईल. आपला मुलगा बापाहून पराक्रमी व्हावा, शत्रूला मारून त्याची रक्ताने माखलेली शस्त्रे घरी आणावीत आणि आईचे मन आनंदून जावे, असे हेक्टर देवांकडे मागतो! ज्या वेषाने बाळ भ्याले, तोच वेष बाप त्याच्यासाठी मागतो. होमर यावर एक शब्दही भाष्य करत नाही. ही प्रार्थना वगळली तर हेक्टर निव्वळ प्रेमळ बाप उरतो. ठेवली तर चांगल्या माणसालाही युद्ध कसे आतून घडवते, हे मुलाला दिसते. माझ्या मते मध येथे आहे, आणि तो कडू आहे.

इंग्रजीत रोझमेरी सटक्लिफ यांचे 'ब्लॅक शिप्स बिफोर ट्रॉय' हे या परंपरेतील अलीकडचे महत्त्वाचे पुस्तक. लेखिकेच्या निधनानंतर 1993 मध्ये ते प्रसिद्ध झाले. अ‍ॅलन ली यांच्या चित्रांना केट ग्रीनवे पदक मिळाले. सटक्लिफ सोनेरी सफरचंदापासून ट्रॉयच्या विनाशापर्यंतची सगळी कथा सांगतात. मुलाला आदी आणि अंत दोन्ही कळतात, ही मोठी सोय. पण तिची किंमत मोजावी लागते. 'इलियड'मध्ये लाकडी घोडा नाही, नगराचे दहनही नाही. ते काव्य हेक्टरच्या अंत्यविधीने संपते. येथे हेक्टरच्या शवाची सोडवणूक मधल्या एका प्रकरणात येते आणि शेवट जळत्या नगराकडे जातो. होमरने ज्या अश्रूंपाशी आपल्याला थांबवले होते, त्यांना ओलांडून आपण पुढे निघून जातो.

ते अश्रू कोणाचे? वृद्ध प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो आणि ज्या हातांनी त्याचे पुत्र मारले तेच हात चुंबतो. 'तुझ्या बापाला आठव,' अशा अर्थाची विनवणी करतो. दोघेही रडतात, एक पुत्रासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. मग दोघे एकत्र जेवतात. या प्रसंगाला घाईने ख्रिस्ती क्षमेचे नाव देण्याचा मोह आपण टाळावा. अ‍ॅकिलीस पश्चात्ताप करत नाही. त्याचा राग पुन्हा भडकू नये म्हणून शव प्रायमच्या नजरेआड धुतले जाते, आणि ठरलेल्या दिवसांनंतर युद्ध पुन्हा सुरू होणार आहे. तरीही शत्रूला बाप असतो, ही ओळख येथे घडते. क्षमेच्या आधीची पायरी हीच नव्हे काय?

म्हणून मुलांसाठी असे पुस्तक निवडताना पालकांनी किती रक्त आहे हे मोजू नये. दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी त्यात कोणी रडते का, एवढे पाहावे. ज्या पुस्तकात एकाच बाजूला आया आणि बाळे असतात, ते कितीही स्वच्छ असो, मुलाच्या हाती देण्याजोगे नाही. आणि मूल वाचता वाचता थांबून 'मग हेक्टरच्या बाळाचे काय झाले?' असे विचारील, तेव्हा आपण पान उलटू नये. खरे उत्तर द्यावे आणि त्याच्याजवळ बसून राहावे.