हात धुण्याचं गाणं पाठ झालं. हात धुतले का?

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचे जे विषय वाचायला येतात, त्यात एक विषय ठरलेला असतो. ‘घाटंजी तालुक्यातील अंगणवाडीतील बालकांमध्ये कृतिगीतांद्वारे आरोग्यदायी सवयी विकसित करण्याच्या कार्यक्रमाची परिणामकारकता : एक अभ्यास’. तालुका बदलतो, कधी अंगणवाडीच्या जागी बालवाडी येते, साचा तोच. विषय मला मनापासून आवडतो, म्हणूनच आज त्याची चिरफाड करू या. तुमचाही विषय याच वळणाचा असेल, तर आरआरसीसमोर जाण्याआधी हे वाचा.

साचा असा असतो. दोन अंगणवाड्या, चाळीसेक मुलं. एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट. पूर्वचाचणी घ्यायची, मग पंधरा दिवस हात धुण्याचं, दात घासण्याचं, नखं कापण्याचं गाणं हातवाऱ्यांसह म्हणून घ्यायचं. मग उत्तरचाचणी. टी-मूल्य सार्थ येतं, शून्य परिकल्पनेचा त्याग होतो, पेढे वाटले जातात.

आता उत्तरचाचणीत काय विचारलंय ते बघा. चित्र दाखवून प्रश्न: ‘जेवणाआधी आपण काय करायचं?’ मूल म्हणतं, ‘हात धुवायचे.’ अहो, हे तर गाण्याचंच वाक्य! पंधरा दिवस तुम्ही एक वाक्य सुरात शिकवलं आणि सोळाव्या दिवशी तेच वाक्य परत ऐकलं. सवय कुठे मोजली? तुम्ही पाठांतर मोजलं आणि प्रबंधाच्या शीर्षकात सवय लिहिली. माझ्या मते ही या विषयातली सगळ्यात मोठी चूक आहे. ती संख्याशास्त्राची नाही, शब्दाच्या अर्थाची आहे.

गाण्यानं शब्द लक्षात राहतात, यात वाद नाही. पण सँड्रा कॅल्व्हर्ट आणि रेबेका बिलिंग्जली यांचा 1998 चा शाळापूर्व वयाच्या मुलांवरचा अभ्यास मिळवून वाचा. मुलं गाण्याचे शब्द जसेच्या तसे म्हणू शकतात, म्हणून ती त्याचा अर्थ समजलेली असतात असं नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. आपल्याला हे नवीन नाही. अर्थ न कळता आपण लहानपणी किती आरत्या खड्या आवाजात म्हटल्यात ते आठवा.

‘मग मी प्रत्यक्ष निरीक्षण करतो,’ असं तुम्ही म्हणाल. चांगलं आहे, पण तिथंही एक खड्डा आहे. बांगलादेशच्या ग्रामीण भागात पवनी राम आणि सहकाऱ्यांनी घरोघरी साबणाच्या वड्या दिल्या. वडीच्या आत हालचाल नोंदवणारं यंत्र बसवलेलं. मग एक दिवस निरीक्षक वही घेऊन घरात बसला. 2010 साली छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार त्या दिवशी साबणाची हालचाल आधीच्या दिवसांपेक्षा साधारण 35 टक्क्यांनी वाढली. म्हणजे माणूस बघतोय म्हटल्यावर हात जास्त धुतले गेले. हे मोठ्यांचं. अंगणवाडीत तर बाहेरून आलेल्या मॅडम दिसल्या की मुलं न सांगता गाणं सुरू करतात!

याच देशातला दुसरा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो, कारण त्यात गाणं नाहीच. रॉबर्ट ड्रायबेलबिस आणि सहकाऱ्यांनी दोन प्राथमिक शाळांत शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत फरसबंद वाट केली, तिच्यावर पावलं रंगवली, आणि हात धुण्याच्या जागी पंजे रंगवले. उपदेश नाही, भाषण नाही. शौचानंतर साबणानं हात धुण्याचं प्रमाण सुरुवातीला 4 टक्के होतं, काम पूर्ण झाल्यावर दुसऱ्या दिवशी 68 झालं आणि सहा आठवड्यांनी 74 टक्के. शाळा दोनच होत्या आणि तुलनेसाठी वेगळ्या शाळा नव्हत्या, त्यामुळे हुरळून जाऊ नका. पण एक गोष्ट पकडा. इथं शरीराची हालचाल आहे, आणि ती नेमकी त्या जागी, त्या क्षणी आहे. पोर पावलांवर पाय ठेवत उड्या मारत जातं आणि नळापाशी पोहोचतं.

आपल्या कृतिगीतात हालचाल असते ती हवेत. गोल करून उभं राहायचं आणि कोरडे हात एकमेकांवर चोळायचे. नळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, साबण बाईंच्या कपाटात. (का, तर बाहेर ठेवला की कावळा नेतो. खेड्यात राहिलेल्याला यात विनोद वाटणार नाही.) म्हणजे मूल जे शिकतं ते कोरड्या हातांचा अभिनय. तो उत्तम येतो आणि 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुण्याच्या दिवशी फोटोतही छान दिसतो.

मग गाणं टाकून द्यायचं का? मुळीच नाही. गाणं काय करू शकतं हे नीट ठरवायचं. किर्शनर आणि टोमासेलो यांनी 2010 मध्ये चार वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. एकत्र गाऊन, नाचून, ताल धरून खेळलेली मुलं नंतर एकमेकांना जास्त मदत करताना दिसली. म्हणजे ताल मुलांना एकमेकांशी बांधतो, ‘आपण सगळे हे करतो’ ही भावना देतो. आता आंध्र प्रदेशातला ‘सुपरअम्मा’ हा प्रयोग बघा. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये 2014 साली आलेला, 14 गावांचा. जंतूंवर भर नव्हताच. चित्रफीत आणि नाटुकल्यांतून आईची माया, घाणीची किळस, चारचौघांत शोभण्याची इच्छा यांना हात घातला होता. सहा महिन्यांनी मोक्याच्या वेळी साबणानं हात धुण्याचं प्रमाण प्रयोगाच्या गावांत 37 टक्के होतं, तुलनेच्या गावांत 6. मोठा फरक आहे. पण 37 म्हणजे शंभरातल्या 63 वेळा हात साबणाशिवायच राहिले, हेही त्याच तक्त्यात आहे. तक्ते असे वाचायला शिका.

आता घाटंजीकडे या. प्रस्तावात तालुक्याचं नाव असतं, पण तालुका नसतो. हा आदिवासी आणि बंजारा वस्तीचा भाग. कोलाम पोडावरचं मूल घरी कोलामी ऐकतं, आणि ती द्राविड कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही. तांड्यावरचं मूल गोरमाटी बोलतं. उरलेल्यांच्या घरी वऱ्हाडी. आणि तुमचं गाणं पुण्याच्या पुस्तकातलं, प्रमाण मराठीत! मग गाण्याचा परिणाम दिसला नाही तर दोष गाण्याचा की भाषेचा, हे तुम्ही कसं सांगणार? दिसला तर तो कोणत्या मुलांत दिसला? घरची भाषा हा रकाना तुमच्या नोंदपत्रकात नसेल, तर आजच आखा.

गाणंही बाहेरून आणायची गरज नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायला लावतात. डबा हलवून आवाजावरून, वासावरून पदार्थ ओळखायचा. आहारावर मुलांना बोलतं करायला याहून चांगली तयार रचना मला तरी माहीत नाही. प्रस्तावात मात्र ती मी अजून वाचलेली नाही.

संदर्भसाहित्याच्या प्रकरणात माँटेसरी असते, पियाजे असतो. असू दे. पण यवतमाळ जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याच्या नावातच गाडगेबाबा आहेत, आणि ते प्रकरणात नसतात. बाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत. गाव झाडून व्हायचं आणि रात्री कीर्तन, तेही समोरच्याला प्रश्न विचारत. म्हणजे कृती आधी, गाणं नंतर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला नेलं. तिथंही मुलांना प्रत्यक्ष स्वच्छ करणं हा रोजच्या कामाचाच भाग होता, आणि शाळा मुलांच्या अंगणात गेली होती. यातून एक खरी परिकल्पना निघते: गाणं आधी शिकवून मग हात धुवायला नेलेली मुलं, आणि रोज नळावर हात धुतानाच गाणं म्हणणारी मुलं, यांत तीन महिन्यांनी फरक राहतो का? हिचं उत्तर मला आज माहीत नाही. म्हणून ती संशोधनाच्या लायकीची आहे.

रचनेबद्दल एकच गोष्ट सांगतो, बाकी पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात आहे. एका अंगणवाडीतली वीस मुलं म्हणजे वीस स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. बाई एक, नळ एक, पाण्याची टंचाई एक. गाण्याच्या अंगणवाडीत नळाला पाणी असेल आणि दुसरीत नसेल, तर तुमचं टी-मूल्य नळाचं आहे, गाण्याचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या त्या अंगणवाड्यांच्या, मुलांच्या नव्हे. आणि अंगणवाड्या दोन नकोत. दहा-बारा घ्या, प्रत्येकीत मुलं थोडी असली तरी चालतील. पाणी कोणत्या दिवशी होतं आणि कोणत्या दिवशी नव्हतं, याची रोज नोंद ठेवा. घाटंजीत मार्चनंतर हा रकाना तुम्हाला गाण्यापेक्षा जास्त सांगेल.

मोजायचं कसं? साबणात यंत्र बसवणं आपल्या खिशाला परवडणारं नाही. पण वडी वजन करून द्या, दर सोमवारी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पुन्हा तोला. उन्हात सुकते, कोणी घरी नेते, कावळ्याचं आधी सांगितलंच. यासाठी एक वडी तशाच जागी, कुणी न वापरता, जाळीखाली ठेवा आणि तिचीही घट मोजा. तीन महिने हे आकडे लिहा आणि मग मार्गदर्शकांना दाखवा.