फुलंब्रीकरांच्या नावाचं नाट्यगृह

जालना हे व्यापाराचं गाव. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण इथल्या बाजारपेठेनं कमावली. पुढे बियाण्यांच्या कंपन्यांनी आणि लोखंडाच्या रोलिंग मिलनी ती टिकवली. या गावच्या नाट्यगृहाला नाव आहे ते मात्र एका गवयाचं : मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. मास्तरांचा जन्म १८९८चा, आळंदीचा आणि कारकीर्द सगळी पुण्या-मुंबईकडची. पण आडनावातलं फुलंब्री इथून फार लांब नाही. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तोवर दोन्ही गावं औरंगाबाद जिल्ह्यातच होती. म्हणजे शेजारधर्मानंही हे नाव जालन्याला शोभतं. मला ते शोभतं असं वाटतं ते आणखी एका कारणानं. गर्दीपुढे गाताना गाणं स्वस्त होऊ द्यायचं नाही, ही मास्तरांची खासियत होती, आणि कुठल्याही जिल्ह्याच्या नाट्यगृहापुढचा प्रश्नही नेमका हाच असतो.

मास्तर रंगभूमीवर आले ते बालनट म्हणून, नाट्यकलाप्रवर्तक मंडळीच्या ‘संत सखू’मधून. पुढे भास्करबुवा बखल्यांचं शिष्यत्व मिळालं आणि गंधर्व नाटक मंडळीत प्रवेश झाला. भास्करबुवांच्या गळ्यात ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम होती. तिचा वारसा शिष्याकडे आला, पण त्याला वाढायला मिळालं ते पेटीच्या सुरावर आणि ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांत. बैठकीत गवयाला तासभर मिळतो. रंगमंचावर पदाला मिळतात चार-पाच मिनिटं, आणि तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही राग कळला नाही तरी भिडावा लागतो. मास्तरांच्या चालींची घडण या अटीतून झाली.

उदाहरण घ्यायचं तर ‘कुलवधू’चं. मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’नं हे नाटक १९४२ साली आणलं. पौराणिक दरबार जाऊन दिवाणखाना आला होता, पदांची संख्या घटली होती, स्त्रीची भूमिका स्त्रीच करत होती. भानुमतीच्या भूमिकेत ज्योत्स्ना भोळे होत्या. त्यांच्या तोंडी, नाटकाच्या सुरुवातीलाच, मास्तरांनी चक्क भैरवी घातली. गोड बोला, शुभ बोला असं विनवणारं ते पद आजही कुणालाही आठवेल. संकेत असा की भैरवी झाली म्हणजे मैफल उठली; तिच्यानंतर दुसरा राग नाही. मास्तरांनी पडदा उघडतानाच निरोपाचा राग लावला.

नुसती चमत्कृती म्हणून हे सोडून देता येत नाही. पद ऐकताना आधी जाणवतो तो त्याचा मोकळेपणा. लय हलकी, शब्द सुटे, बोलल्यासारखे. हरकती लहान लहान, शब्दाला धक्का न लावता त्याच्या कडेनं निघून जाणाऱ्या. ऐकणाऱ्याला वाटतं, घरातली बाई आनंदानं गुणगुणते आहे. पण खाली कोमल ऋषभ, कोमल गंधार, कोमल धैवत आपलं काम करत असतात. शब्द मंगल मागतात आणि स्वर त्या मागणीतच थोडी हुरहूर मिसळतात. पुढे भानुमती घरासाठी सिनेमात काम करू लागते, तिचं नाव होतं आणि त्याच नावापायी संसाराला तडा जातो. कथानक जिथे पोचायचं आहे, तिथली छाया चालीनं पहिल्याच पदात टाकून ठेवली आहे. प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. भैरवी कानाला ओळखीची असते, बाकीचं ती करते.

‘प्रभात’च्या चित्रपटांत हीच किमया वेगळ्या सामग्रीवर दिसते. ‘माणूस’ (१९३९) मधलं मैना या वेश्येचं गाणं घ्या. शब्द अनंत काणेकरांचे, पडद्यावर आणि गळ्यानंही शांता हुबळीकर. उद्याची काळजी कशाला करता, असं समोरच्या गिऱ्हाइकांना विचारणारी ही मैना कडव्याकडव्याला भाषा बदलते, आणि भाषेबरोबर चालीचा पेहरावही बदलतो. प्रत्येक कडवं आपापल्या प्रांताच्या वळणानं जातं आणि दर वेळी तोच मराठी मुखडा झेप घेऊन परत येतो. ठुमरीत समेवर येतात तसं हे येणं आहे. म्हणून एवढे वेश पालटूनही गाणं विस्कटत नाही. गंमतीची गाठ वेगळीच आहे. जिला उद्या नाही, ती ‘उद्या’ची थट्टा करते आहे. चालीत दुःखाचा एकही सूर मास्तरांनी घातला नाही. तो घातला असता तर मैना केविलवाणी झाली असती. चाल हसत राहते, म्हणून आपल्याला तिच्याकडे नीट बघवत नाही.

तिसरा नमुना ‘वंदे मातरम्’चा. हे गीत समूहाला गाता येत नाही, बँडवर वाजवता येत नाही, असा आक्षेप स्वातंत्र्याच्या सुमारास घेतला जात होता. मास्तरांनी ते झिंझोटीत बांधलं, दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांना समूहाकडून ऐकवलं आणि बँडवरही वाजवून दाखवलं. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. निर्णय राजकीय होता. रागाची निवड मात्र शंभर टक्के सांगीतिक. झिंझोटी मंद्र आणि मध्य सप्तकात रमणारा राग. मंद्र धैवतावरून सा, रे, म आणि मग गंधारावर विसावा, ही त्याची खूण. तार सप्तकाची चढण त्याला लागत नाही. म्हणजे न शिकलेल्या गळ्यालाही तो झेपतो, पुरुष आणि बायका एकाच पट्टीत उभे राहू शकतात. विद्वत्ता खर्ची घालून मास्तरांनी सोपेपणा मिळवला. डॉ. आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदनेला स्वरसाज दिला, त्यामागेही सगळ्यांनी मिळून म्हणता यावं हीच दृष्टी होती. आणि हाच माणूस ‘रागसंग्रहा’चे सात भाग लिहून बंदिशी शिस्तीत बांधून ठेवतो. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, तीन वर्षांनी ते गेले.

मास्तरांच्या गाण्याला काही जाणकार ‘नाटकी’ म्हणत. बैठकीत ते रागाशी खेळत, मध्येच भलत्या रागाची चुणूक दाखवून हसत परत येत. विस्तारात गंभीरपणे बुडी मारणारं गाणं ज्यांना हवं, त्यांना हे थिल्लर वाटे. ती तक्रार अगदीच खोटी नाही. पण नाट्यगृहाच्या बाजूनं बघितलं की तिचा अर्थ बदलतो. जालन्यासारख्या गावात एकाच सभागृहात आज शाळेचं स्नेहसंमेलन असतं, उद्या हौशी नाटक, परवा कुणाचा सत्कार. तिथला श्रोता निवडून आलेला नसतो. मोंढ्यातून दुकान बंद करून आलेला अडत्या आणि तबला शिकणारं पोर शेजारी बसतात. दोघांनाही काही तरी घरी न्यायला मिळेल, असं गाणं रचणं ही लहान गोष्ट नाही.

जिल्ह्याला ऐकायची सवय आहे. अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव भरतो. गोविंदराव जळगावकरांनी लावलेली ती परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. तिथे गाणं म्हणजे देवापुढची हजेरी, आणि श्रोता भक्तीनं बसतो. नाट्यगृहात तिकीट असतं, पडदा असतो, नापसंती दाखवायची मुभा असते. देवळातलं ऐकणं मुरवतं, नाट्यगृहातलं ऐकणं पारखायला शिकवतं. गावाला दोन्ही लागतात.

म्हणून दर्शनी भागावरच्या नावाची खरी परतफेड एकच. २० जानेवारी हा मास्तरांचा जन्मदिवस. त्या दिवशी इथल्या मंचावर शाळेच्या पोरांनी झिंझोटीतलं ‘वंदे मातरम्’ म्हणावं, गावातल्याच एखाद्या मुलीनं ‘कुलवधू’मधली ती भैरवी कार्यक्रमाच्या आरंभी गावी, आणि मग बाहेरगावच्या गवयाला बसवावं. खर्च फारसा नाही, तालमीला महिनाभर पुरेल. मास्तरांच्या चाली अवघड गळ्यांसाठी रचलेल्या नाहीत. जालन्याच्या पोरांना त्या नक्की जमतील.