चांदीच्या कडेवरची नावे

पोर्तुगालने 1987-88 मध्ये आफ्रिकेचा किनारा धुंडाळणाऱ्या चार दर्यावर्दींच्या स्मरणार्थ 100 एस्कुदोंची नाणी काढली. जिल एआनिश, नुनु त्रिस्तांव, दियोगु कांव आणि बार्तोलोमेउ दियश हे ते चौघे. चलनासाठी तांबे-निकेल, संग्राहकांसाठी चांदी. या नाण्यांची घडण मला आवडते. माझा आक्षेप त्यांनी सांगितलेल्या इतिहासाला आहे.

नुनु त्रिस्तांवचेच पाहा. 1441 मध्ये त्याने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून नेली. पुढे अशाच एका मोहिमेत तो स्थानिकांच्या विषारी बाणांना बळी पडला. 1444 मध्ये लागोश बंदरात 235 बंदिवानांची वाटणी झाली आणि पाचवा हिस्सा राजपुत्र हेन्रीला मिळाला. ही हकिकत दरबारी बखरकार झुरारानेच नोंदवली आहे. बखरीने जे लपवले नाही, ते पाच शतकांनंतर नाण्याने गाळले.

एवढ्याशा चकतीवर किती मावणार, असे कोणी म्हणेल. पण चांदीवर दुसरी नावे कोरली गेल्याचा दाखला आहे. 1873 मध्ये आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्याचे हृदय तिथेच पुरले आणि देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावरच्या बागामोयोपर्यंत आणला. 1874 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांच्यासाठी 60 रौप्यपदके पाडली. त्यांच्या कडेवर ज्याचे त्याचे नाव कोरले होते.

त्या सोबत्यांपैकी जेकब वेनराइट नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन वसाहतीत शिकला होता. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले तिथे राहत, शिकत. अंत्यविधीची प्रार्थना त्यानेच वाचली, प्रवासाची रोजनिशीही ठेवली. वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता.

तरी पदकही निर्दोष नाही. त्यावरचा गौरव ‘अखेरपर्यंत निष्ठावान’ एवढाच. देह न्यायचा हा निर्णय त्या माणसांचा होता. पदकाने त्यांचे चाकरपण तेवढे पाहिले. मात्र त्याने नावे टिकवली, म्हणून त्यांचा माग तरी काढता येतो. लागोशच्या 235 जणांची नावे कुठल्याच चांदीवर नाहीत. शोधयुगाचे नवे नाणे हाती आले की मी आता आधी तेच पाहतो: नाव कोणाचे आहे, आणि कोणाचे नाही.