देखणी होडी, कामाची होडी

मराठी कवितेतील नावेला कधी कलाफत करावी लागत नाही. ती जीवनाची असते, प्रीतीची असते, पैलतीराला लागणारी अथवा न लागणारी असते. परंतु तिच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत नाही, तिला बांगड्यांचा वास येत नाही, आणि फेरी आटोपल्यावर तिला वाळूवर ओढून घेण्यासाठी दहा माणसांना हाका माराव्या लागत नाहीत. रूपकाच्या सोयीसाठी वस्तू अशी धुऊन-पुसून घेतली, की तिच्या सौंदर्याविषयी बोलणे फार सोपे होते आणि फारसे अर्थपूर्ण राहत नाही. याच्या उलट टोकाला आपल्याकडचा व्यवहारी गृहस्थ उभा असतो. होडी पाण्यावर तरंगली आणि मासळी घेऊन परत आली म्हणजे झाले, तिच्या रूपाचे कौतुक किनाऱ्यावर बसणाऱ्यांनी करावे, असे त्याचे मत. हे दोघेही होडीकडे नीट पाहत नाहीत, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी उदाहरण घेऊ ते आपल्याच किनाऱ्यावरचे, रांपणीच्या होडीचे.

सौंदर्यविचारात साध्या मासेमारी नावेला मानाचे पान देणारा एक मोठा समीक्षक होऊन गेला. जॉन रस्किनने टर्नरच्या चित्रांसाठी १८५६ मध्ये ‘द हार्बर्स ऑफ इंग्लंड’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या आरंभीच तो नावेच्या नाळेपाशी थांबतो, आणि तीही युद्धनौकेची डौलदार नाळ नव्हे, तर उघड्या, बोथट तोंडाच्या, रोज समुद्रावर जाणाऱ्या सामान्य नावेची. मानवी हाताने घडविलेल्या वस्तूंत इतके विस्मयकारक दुसरे काही नाही, असा त्याचा एकंदर अभिप्राय. रस्किनच्या लेखनात उत्साहाचा अतिरेक पुष्कळ आहे. पण त्याची नजर योग्य ठिकाणी पडली. त्याने नाळेचे सौंदर्य रंगात वा कोरीवकामात शोधले नाही, तर फळीला दिलेल्या वाकात शोधले.

बाणावली-कोळव्याच्या वाळूवर आलेल्या रांपणीच्या होडीचा वाक पाहा. दोन्ही टोके वर उचललेली, मधला काठ खाली आलेला. चित्रकाराला ही रेषा मोह घालते, हे अनेक कॅलेंडरांनी सिद्ध केले आहे. परंतु ती चित्रकारासाठी काढलेली नाही. फुटत्या लाटेत घुसताना पाणी आत येऊ नये म्हणून टोके उंच. रांपण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे जाळे. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडत जाते आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरची माणसे ओढतात. जाळे काठावरून सोडायचे, वल्हीही काठावरूनच मारायची, म्हणून मधला काठ हाताच्या टप्प्यात ठेवलेला. पोट रुंद, कारण त्या अजस्र जाळ्याचा ढीग कुठेतरी मावला पाहिजे. दोन्ही टोके निमुळती, कारण लाटा पाठीमागूनही येतात. जुन्या होड्यांत फळ्या लोखंडी खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या असत; वाळूवर आपटताना असा सांगाडा किंचित लवतो आणि वाचतो. बुडाला काजूच्या टरफलाचे तेल चोपडल्यामुळे येणारा तो गडद तपकिरी रंगसुद्धा किडीपासून लाकूड वाचविण्यासाठी आहे. म्हणजे ज्याला आपण होडीचे रूप म्हणतो, त्याचा मोठा भाग समुद्राने आणि जाळ्याने सुतारापुढे ठेवलेल्या अटींतून उतरला आहे.

एवढ्यावर थांबलो, तर ‘जे उपयुक्त तेच सुंदर’ हे सोयीचे सूत्र हाती येते. ते मला मान्य नाही. कारण होडीत रूप आणि उपयोग यांचा झगडाही असतो, आणि तो खरा असतो. नाळ आणखी उंच केली तर होडी अधिक ऐटदार दिसते. पण तीच नाळ वारा धरते आणि जाळे सोडताना होडी जागेवर ठेवणे वल्हेकऱ्यांना जड जाते. अंग सडपातळ केले तर होडी देखणी होते आणि वल्ह्याला हलकी जाते. पण कलंडू लागते. लांबी तीच ठेवून रुंदी चार फुटांवरून पाच फुटांवर नेली, तर कलण्यास विरोध करण्याची होडीची शक्ती जवळजवळ दुप्पट होते, कारण ती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट रुंदी फार वाढविली तर होडी पाण्याला ढकलत बसते आणि लाटांवर झटके खाते. कोकणात अरुंद होडीला बाजूने उलांडी बांधतात, ती याच पेचातून सुटण्यासाठी. उलांडीमुळे होडीची ऐट जाते, असे म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. एका अंगाला पाण्यावर टेकलेले ते लाकूड होडीची सममिती मोडते खरे, पण तोल राखते. आणि मर्ढेकरांनी संवाद व विरोध यांच्या जोडीला समतोल हे लयीचे तिसरे तत्त्व मांडले, ते केवळ सममितीसाठी नव्हे.

या झगड्याचा एक जुना दाखला धारच्या भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात सापडतो. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मधील आपल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासात त्याचा विस्तृत उपयोग केला, तेव्हापासून तो अभिमानाने उद्धृत केला जातो. अभिमान ठीक, पण समीक्षकाने तो वाचावाही. नौकांच्या मुखांना सिंह, हत्ती, नाग, बेडूक अशी रूपे द्यावीत, डोलकाठ्यांच्या संख्येनुसार रंग द्यावेत, असे त्यात तपशिलाने सांगितले आहे. सर्वांत लहान ‘क्षुद्रा’ नौकेचे माप १६ हात लांब, ४ हात रुंद आणि ४ हात उंच असे दिले आहे. पुढची मापे तर बहुतेक लांबीच्या निम्मी रुंदी आणि तितकीच उंची अशी चालतात. हा अंकांचा नीटसपणा आहे, पाण्याचा नव्हे. हाताला दीड फूट धरला, तर सहा फूट खोल क्षुद्रेच्या काठावरून कोणता कोळी जाळे ओढणार? ग्रंथकाराच्या मनापुढे राजाची नौका होती, मासेमाऱ्याची नव्हती, हे उघड आहे. गंमत अशी, की समुद्रातील चुंबक लोखंड ओढून घेतील म्हणून फळ्या लोखंडाने सांधू नयेत, दोराने बांधाव्यात, हा त्याचा एकच सल्ला किनाऱ्यावरच्या सुताराच्या कामाशी जुळतो. कारण चुकीचे, कृती बरोबर.

मराठी सौंदर्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नाही. कांटने १७९० मध्ये केलेला स्वायत्त आणि परायत्त सौंदर्याचा भेद रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) आपल्या परिचयाचा झाला. फुलाचे सौंदर्य पाहताना ते कशासाठी आहे हे ठाऊक असावे लागत नाही. घोडा किंवा इमारत यांचे सौंदर्य मात्र ती वस्तू काय असावी या कल्पनेशी बांधलेले असते. होडी अर्थातच दुसऱ्या गटातली. परंतु आपल्या चर्चांत ‘परायत्त’ या शब्दाला नकळत कमीपणाचा रंग चढला, जणू हे सौंदर्य दुय्यम, उसने. होडी पाहताना मला याच्या उलट वाटते. जिला काही करावयाचे नाही त्या रेषेला चुकण्याची भीतीही नसते. रांपणीच्या होडीची रेषा दर फेरीला तपासली जाते, आणि ती तपासणी माणसांच्या जिवाशी असते.

चित्रातील रूपाला अशा तपासणीतून जावे लागले तर काय होते, हे अलीकडे गोव्यातच दिसले. अजिंठ्याच्या एका चित्रातील नौकेवरून शिवलेल्या फळ्यांचे एक जहाज येथे बांधण्यात आले. २०२५ च्या मे महिन्यात ते ‘कौंडिण्य’ या नावाने कारवार येथे नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. चित्रकाराने आराखडा मागे ठेवलेला नव्हता. त्यामुळे चौकोनी शिडे आणि सुकाणूची वल्ही चित्रातून घेतली, तरी बुडाचा आकार पाण्याच्या गणिताने पारखून घ्यावा लागला, आणि त्यासाठी मद्रासच्या आयआयटीची मदत झाली. शिवण मात्र केरळच्या पारंपरिक कारागिरांच्या हातची. मला या प्रकल्पात सर्वांत मोलाचे वाटते ते शिडावरचे गंडभेरुंड नव्हे, तर चित्र आणि पाणी यांच्यामध्ये हातात सुई घेऊन बसलेला तो कारागीर.

आता किनाऱ्यावरच्या आजच्या होडीकडे. तंतुकाचेची, साच्यातून काढलेली, मागे इंजिन लावलेली ही होडी जुन्या रसिकांना बघवत नाही. त्यांचा शोक मला पूर्ण मान्य नाही. काथ्याची शिवण वारंवार उसवून पुन्हा घालावी लागते. चांगले लाकूड महागले. शिवणारे हात कमी झाले. रांपण ओढायला पूर्वीइतकी माणसे येत नाहीत. १९६० नंतर ट्रॉलर आले, सत्तरच्या दशकात रांपणकारांना आंदोलन करावे लागले, १९८० मध्ये कायदा झाला. एवढ्या ओढाताणीत ज्याने आपला धंदा टिकविला, त्याने आमच्या डोळ्यांसाठी लाकडी होडी ठेवावी, ही अपेक्षा उद्धटपणाची आहे. हलकी होडी दोघा-तिघांना ओढता येते, हे त्याच्या दृष्टीने सौंदर्यच.

माझी तक्रार निराळी आहे. इंजिन बसविण्यासाठी निमुळती पाठ कापून सपाट केली गेली. मागून येणारी लाट पूर्वी दुभंगून जात असे, ती आता सपाट फळीवर थडकते. वेग हाती असतो तोवर होडी लाटेपुढे निसटते, इंजिन बंद पडले की तीच पाठ घातक ठरू शकते. येथे रूप आणि उपयोग दोघांचेही एकदमच नुकसान झाले आहे, आणि म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही: रसिक रूपाकडे पाहतो, व्यवहारी वेगाकडे. शिवाय साचा एकदा तयार झाला की एका किनाऱ्याची होडी दुसऱ्या किनाऱ्यावर तशीच जाते. पूर्वी मालक आणि सुतार यांच्यात बोटभर उंचीवरून वाद होत, त्या वादाला आता जागाच उरलेली नाही. राहिला रंग. तोही २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी राज्यवार ठरवून देण्यात आला. त्याविषयी कुरकुर करण्यासारखे काही नाही. दुरून ओळखू येणे हाही समुद्रावर उपयोगच आहे.

काही ठिकाणी, विशेषतः केरळच्या बाजूला, दोन्ही टोके निमुळती ठेवून इंजिन होडीच्या बाजूला लोखंडी घोडीवर टांगतात. दिसायला हा प्रकार ओबडधोबड आहे, एका अंगाला गाठ आल्यासारखा. तरीही सपाट पाठीच्या गुळगुळीत होडीपेक्षा मला तो अधिक पाहावासा वाटतो. तेथे सुताराने पाठ कापण्यास नकार दिला आहे आणि मालकाने इंजिन सोडण्यास. दोघांचाही हट्ट उघड्यावर, खिळ्या-पट्ट्यांसकट दिसतो.