तिकीट कशाचे?

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात एका लहान कंपनीत प्रोग्रॅमर आहे. घरातला पहिला पदवीधर, मीही तसाच. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला आणि म्हणाला, ‘‘सर, लास व्हेगासच्या परिषदेला जायचंय. पतपेढीतून कर्ज काढतो. तुमचं काय मत?’’

‘वेडा आहेस का’ असे म्हणून मी मोकळा झालो असतो. परंतु ज्यांच्या घरात पुस्तकही नव्हते, त्यांच्या मुलाला ‘तिथे जाऊ नकोस’ असे सांगणे मला सोपे वाटत नाही. आपल्याला असे सांगणारे फार भेटले आहेत. म्हणून आधी हिशेब मांडला.

ॲमेझॉन आपल्या क्लाउड सेवांसाठी २०१२ पासून लास व्हेगासला ‘री:इन्व्हेंट’ नावाची परिषद भरवते. २०२३ साली तिचे तिकीट २,०९९ डॉलर होते, म्हणजे त्या वेळच्या भावाने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. विमान, हॉटेल, जेवण वेगळे. शिवाय अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जाचे शुल्क. ते जून २०२३ मध्ये १६० वरून १८५ डॉलर झाले, आणि अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाही. आमच्या पोराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची ही गोष्ट.

एवढे पैसे कशाचे? ज्ञानाचे, असे उत्तर दिले जाते. ते खरे नाही. रायन डाल याने नोड.जेएसची ओळख करून देणारे व्याख्यान नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये दिले. आज नोडवर पोट भरणारे लाखो लोक त्या सभागृहात नव्हते. त्यांनी व्हिडिओ पाहिला, नाहीतर तोही न पाहता काम शिकून घेतले. रिच हिकीचे ‘सिंपल मेड ईझी’ हे व्याख्यान सेंट लुईसच्या स्ट्रेंज लूपमध्ये २०११ साली झाले. ते मी माझ्या वर्गात खडू-फळ्यासमोर लॅपटॉप ठेवून दाखवले आहे. फुकट. री:इन्व्हेंटचीही बरीचशी व्याख्याने नंतर यूट्यूबवर येतात.

याचा पुरावा ॲपलनेच दिला. तिच्या विकसक परिषदेचे तिकीट १,५९९ डॉलर होते, आणि २०१३ साली ती सगळी तिकिटे दोनेक मिनिटांत संपली. पुढच्या वर्षी सोडत काढावी लागली. मग २०२० साली महामारी आली, परिषद ऑनलाइन झाली आणि तिकीटच उरले नाही. व्याख्याने सर्वांना खुली झाली. कुणाचे ज्ञान त्यामुळे कमी झाले? उलट इंजिनियरसमोर आपला कोड ठेवून अडचण विचारायची जी सोय होती, तीही वर्षाला ९९ डॉलर वर्गणी भरणाऱ्यांना घरबसल्या मिळू लागली.

आणि एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या परिषदेत मुख्य भाषण असते कशाचे? तिच्या नव्या मालाचे. दुकानात शिरण्यासाठी दुकानदारानेच गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यावेत, आणि गिऱ्हाइकाने गळ्यात बिल्ला अडकवून त्याचा फोटो काढावा, हा प्रकार कापडबाजारात कुणी खपवून घेणार नाही.

मात्र जाणकार लोक एक वेगळी बाजू मांडतात, आणि ती मला टाळता येत नाही. ते म्हणतात, व्याख्याने सोडून द्या; खरी परिषद व्हरांड्यात होते. चहाच्या टेबलापाशी ज्याच्याशी बोललात तो उद्या तुमच्या नोकरीसाठी शब्द टाकतो, तुमच्या अडलेल्या कामाला वाट दाखवतो. हे खरे आहे. म्हणजेच तिकीट ज्ञानाचे नसून ओळखीचे आहे. आमच्या लोकांना शिकू दिले नाही, हे आपण नेहमी बोलतो. शिकल्यावरही ओळखीअभावी दाराबाहेर राहावे लागते, यावर मात्र आपण कमी लिहिले आहे.

पण ओळख नुसत्या बिल्ल्याने होते का? नोकरीला लागलो त्या वर्षी मी एका मोठ्या संस्थेतल्या परिसंवादाला गेलो होतो. शुल्क उसने घेऊन भरले होते. मधल्या सुटीत सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बोलत होते. एकाच वसतिगृहातले, एकाच गुरूचे. मला दोघांनी कॉलेजचे नाव विचारले, एकाने आडनाव. पुढे बोलणे झाले नाही. दोन दिवस मी भिंतीवरची पोस्टर वाचत काढले आणि परतीच्या एसटीत बसलो. व्हरांडा सगळ्यांसाठी सारखा रुंद नसतो. ज्याच्या ओळखी आधीच आहेत त्याच्या तिथे वाढतात. नवख्याने पावणेदोन लाख भरले म्हणून कुणी त्याच्याकडे वळून बघेलच असे नाही.

सगळ्याच परिषदा एका माळेच्या मणी आहेत, असेही नाही. ब्रुसेल्सची फॉसडेम विद्यापीठाच्या आवारात भरते. प्रवेशमूल्य नाही, नावनोंदणीही नाही. (ब्रुसेल्सला पोचायचे भाडे अर्थात ज्याचे त्याने बघावे.) अमेरिकेतल्या पायकॉनने दरच वेगवेगळे ठेवले: कंपनी पैसे भरत असेल तर जास्त, स्वतःच्या खिशातून भरणाऱ्याला कमी, विद्यार्थ्याला सर्वांत कमी, आणि प्रवासासाठी अर्थसाहाय्य. परिषद झाल्यावर तिथे स्प्रिंट असतात. लोक एकत्र बसून प्रत्यक्ष काम करतात. ओळख होते ती अशी. शेजारी बसून एखादी चूक दुरुस्त करून दिली की कॉलेजचे नाव कुणी विचारत नाही, निदान लगेच तरी. आपल्याकडे पायकॉन इंडिया २००९ साली बंगळुरूला सुरू झाली आणि २०११ साली ती पुण्यातही झाली होती.

तेव्हा माझे मत असे आहे. कंपनी पैसे देत असेल तर अवश्य जावे, तो तिचा धंद्याचा खर्च आहे. ठरावीक प्रश्न घेऊन ठरावीक माणसाला भेटायचे असेल, तरी एक वेळ पदरमोड समजू शकते. पण नुसते ‘तिथे असावे’ म्हणून कर्ज काढणे मला मान्य नाही. आपले कर्ज आणि कंपनीचा खर्च या दोन गोष्टी एका तिकिटावर सारख्या दिसतात, एवढेच.

हे सगळे मी त्याला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘व्हिडिओ मी बघतोच सर. पण व्हिडिओतला माणूस मला बघत नाही ना.’’

यावर मला उत्तर सुचेना. थोड्या वेळाने एवढेच म्हणालो, की मग ऐकायला नको, बोलायला जा. पायकॉन इंडियात व्याख्यानाचा प्रस्ताव कुणालाही पाठवता येतो. कंपनीच्या कामात मराठी नावे नीट जुळवून शोधण्यासाठी त्याने एक प्रोग्रॅम लिहिला आहे. एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहिले जाते, ती त्याची अडचण होती. त्यावर बोल म्हटले. आम्ही दोघांनी बसून रात्री पानभर मजकूर लिहिला. इंग्रजी त्याचे माझ्यापेक्षा बरे आहे. प्रस्ताव गेला आहे; पतपेढीचा फॉर्म अजून माझ्या टेबलावर पडून आहे.